तळपायाच्या चामखिळीला मूळ नसतं

‘चामखिळीला खोल मूळ असतं, ब्लेडने उकरल्याशिवाय ती जात नाही,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे, कारण मधोमध काळे ठिपके खरंच दिसतात. पण ते मूळ नव्हे. बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त आहे.

चामखीळ विषाणूमुळे होते आणि तो कातडीच्या वरच्या थरातच राहतो. उन्हाळ्यात सोलापुरातली पोरं पोहायला जातात, ओल्या फरशीवर अनवाणी फिरतात; तिथून तो लागू शकतो. उकरलं तर रक्त येतं, जखम चिघळते, विषाणू शेजारीही पसरतो.

चामखीळ आहे की कुरूप, हे घरी उजेडात पाहा. तळव्याच्या रेषा चामखिळीला वळसा घालून जातात, कुरुपावरून मात्र सरळ जातात. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते.

मुलांच्या बऱ्याच चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात. चालताना दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून सॅलिसिलिक ॲसिड लावा: पाय कोमट पाण्यात भिजवायचा, मेलेली कातडी हलकेच घासायची, मग औषध. हे रोज, तीनेक महिने. आठवड्याभरात फरक नाही म्हणून सोडू नका, बहुतेक घरांत इथेच चुकतं.