स्वयंपाकी कुणासाठी रांधतो?

बेळगावात लग्नघरी मांडव उभा राहिला की परसात मांड्यांची चूल पेटते. खापर उपडं घातलेलं असतं. सैलसर कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत, कोपरापर्यंत पसरवत तो माणूस मांडा अलगद त्यावर सोडतो. त्याला कुणी आचारी म्हणतं, कुणी स्वयंपाकी. शेजारची कन्नड बाई विचारते, "अडगी आतेन्री?" म्हणजे, स्वयंपाक झाला का?

यातला 'स्वयंपाकी' मला लहानपणापासून कोड्यात टाकतो. स्वयं म्हणजे स्वतः. मग चारशे माणसांसाठी रांधणारा 'स्वयंपाकी' कसा?

मुळात तो तसा नव्हताच. दुसऱ्याच्या हातचं न खाता आपलं अन्न आपणच शिजवणारा तो स्वयंपाकी. हिंदीत आजही या शब्दाचा हाच अर्थ आहे. मराठीत मात्र 'स्वयंपाक' म्हणजे कुणासाठीही केलेलं रांधणं झालं. 'स्वयं' शब्दात राहिला, अर्थातून गेला. स्वयंपाक करणारा तो स्वयंपाकी, एवढंच उरलं. भाषाशास्त्रात याला अर्थविस्तार म्हणतात. आमच्याकडच्या 'सैपाक'मध्ये तर 'स्वयं' ओळखूही येत नाही. आचाऱ्याचं नावही चुलीवरून नाही, आचारावरून, म्हणजे सोवळं पाळण्यावरून पडलं.

संस्कृतात कामावरून पडलेली नावंही होती. अमरकोशात स्वयंपाक्यासाठी ७ शब्द एका ठिकाणी दिलेत. त्यात सूप म्हणजे वरण करणारा सूपकार आहे, ओदन म्हणजे भात शिजवणारा औदनिक आहे, आणि बल्लवही आहे. विराटाच्या मुदपाकखान्यात भीम याच नावाने राहिला होता.

आता हा मुदपाकखाना बघा. त्यातला 'पाक' आपला वाटतो, पण नाही. मूळ अरबी शब्द 'मतबख', म्हणजे स्वयंपाकघर. फारसीतून तो मराठीत आला, 'मुदबख' झाला, आणि शेवटचा अनोळखी 'बख' लोकांनी ओळखीच्या 'पाक'सारखा करून घेतला. ही लोकव्युत्पत्ती.

खऱ्या 'पाक'चे नातलग वेगळेच आहेत. संस्कृत 'पच्' आणि लॅटिन 'कोक्वेरे' एकाच आदिम इंडो-युरोपीय धातूतून आले. लॅटिनमध्ये पुढच्या 'क्व'च्या ओढीने सुरुवातीचा 'प'ही 'क्व' झाला. इंग्रजीने लॅटिनकडून घेतलेले 'कुक' आणि 'किचन' त्याच घरातले.

आणि शेजारणीची 'अडगी'? कन्नडात 'अडु' म्हणजे रांधणे. तमिळमध्येही हाच धातू आहे. तो द्राविडी, 'पच्'शी त्याचं काही नातं नाही. परसातल्या एका चुलीपाशी सैपाक आणि अडगी दोन्ही शब्द रोज ऐकू येतात, आणि मांडा मात्र तोच.