रिव्ह्यूचा लॅपटॉप कोणाचा, आणि किती दिवसांचा?

२००६ च्या नाताळाच्या सुमारास अमेरिकेतल्या काही ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या दारात एकेक खोकं येऊन पडलं. आत एसरचा ‘फेरारी’ लॅपटॉप होता, त्या मोटारींच्या कंपनीचं नाव मिरवणारा, महागातला. त्यावर विंडोजची तेव्हाची नवी आवृत्ती, व्हिस्टा, आधीच चढवलेली होती. सामान्य गिऱ्हाइकाला व्हिस्टा मिळायला अजून महिनाभर अवकाश होता, जानेवारी २००७ च्या अखेरीस ते दुकानात आलं. खोकं पाठवणारे मायक्रोसॉफ्ट आणि चिप बनवणारी एएमडी. सोबतच्या निरोपाचा मथितार्थ असा, की वापरून बघा, मग ठेवून घ्या, कोणाला देऊन टाका नाहीतर परत पाठवा, तुमची मर्जी.

गहजब झाला. कोणी खोकं आल्याचं आधी जाहीर केलं आणि मग लिहिलं, कोणी आधी लिहिलं आणि मग कबूल केलं. जोएल स्पॉल्स्की यांच्यासारख्या नावाजलेल्या प्रोग्रॅमरने याला सरळ लाच म्हटलं. ओरड वाढल्यावर मायक्रोसॉफ्टने निरोप बदलला: काम झालं की यंत्र परत करा किंवा दुसऱ्याला देऊन टाका, स्वतःकडे मात्र ठेवू नका. बूँद से गई वो हौद से नहीं आती, तसलाच प्रकार. नव्या लॅपटॉपचे ऑनलाइन रिव्ह्यू विश्वासाचे का, हा आज दर दिवाळी-सेलला घराघरात निघणारा वाद मला त्या खोक्यापासून मोजावासा वाटतो. यंत्र कोणाच्या पैशाचं, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा चव्हाट्यावर आला. ते किती दिवस वापरलं, हा दुसरा प्रश्न ऐरणीवर यायला आणखी दहा वर्षं गेली.

पहिला प्रश्न तसा इंटरनेटपेक्षा जुना. अमेरिकेत १९३६ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या वस्तू तपासून लिहिणाऱ्या मासिकवाल्यांनी नियम घातला, की वस्तू दुकानातून विकत घ्यायची, कंपनीकडून फुकट घ्यायची नाही आणि अंकात जाहिरात छापायची नाही. आपल्याकडे मुंबईत १९६६ साली ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी’ उभी राहिली, तिचं ‘कीमत’ नावाचं नियतकालिक निघालं. सत्तरीच्या दशकात ग्राहक पंचायत आली. गहू-डाळीचे नमुने बायकांनी स्वतः पारखायचे, मग एकत्र खरेदी करायची, ही तिची रीत अनेक मराठी घरांना ठाऊक आहे. ते नमुने पारखणारीच ते गहू घरी दळून खायची. लॅपटॉपच्या बाबतीत ही साखळी तुटली.

तुटली ती मासिकांच्या काळात. १९८१ चा ऑस्बॉर्न १ ‘उचलून नेता येणारा’ म्हणून विकला गेला, वजन सुमारे ११ किलो आणि पडदा पाच इंची. ‘बाइट’ आणि १९८२ पासून ‘पीसी मॅगझिन’ असली यंत्रं प्रयोगशाळेत लावून मोजायची. मोजणी चोख असायची, पण पान उलटलं की त्याच कंपनीची पानभर जाहिरात. संपादक प्रामाणिक असला तरी जाहिरात विभागाचा फोन येत असणारच, असं वाचक धरूनच चालायचा. आपल्याकडे ‘चिप’ आणि मग २००१ पासून ‘डिजिट’ आलं. त्यातले रिव्ह्यू किती जणांनी वाचले देव जाणे, अंकासोबतच्या सीडीसाठी मात्र झुंबड असायची. खरेदीच्या वेळी शेवटचा शब्द असायचा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराचा: ‘साहेब, हे घेऊ नका, याचे पार्ट मिळत नाहीत.’ त्याचंही कमिशन होतं, नाही असं नाही. पण बिघडलेलं यंत्र परत त्याच्याच काउंटरवर येणार असायचं, हा त्याच्यावरचा लगाम होता.

जाहिरातींच्या या जाळ्याबाहेरून पहिली मंडळी आली ती हौशी. १९९६ मध्ये थॉमस पाब्स्ट या डॉक्टरने ‘टॉम्स हार्डवेअर’ ही संगणकाचे भाग तपासणारी साइट सुरू केली, १९९७ मध्ये आनंद लाल शिंपी या १४ वर्षांच्या मुलाने ‘आनंदटेक’. पुढे ‘नोटबुकचेक’सारख्यांनी खास लॅपटॉपसाठी मोजणीचं शास्त्रच केलं. पडद्याचा उजेड नऊ ठिकाणी मोजायचा, पंख्याचा आवाज डेसिबलमध्ये, बूड किती तापतं ते अंशांत. हे वाचायला रुक्ष असतं, पण पहिल्या दिवशीच्या यंत्राबद्दल याहून खात्रीचं काही मिळत नाही. आकड्याला कोणी गिफ्ट देऊन खूश करू शकत नाही.

आकडा कसा काढला हे मात्र विचारावं लागतं. २००९ मध्ये एएमडीने जाहीर तक्रार केली, की बॅटरीचे तास मोजायची प्रचलित ‘मोबाइलमार्क’ चाचणी पडदा फार मंद करून आणि वाय-फाय बंद ठेवून घेतली जाते. म्हणजे खोक्यावरचे तास खोटे नव्हते, फक्त तसा लॅपटॉप कोणी वापरत नव्हतं. एएमडीचा स्वार्थ होताच, कारण त्या चाचणीत प्रतिस्पर्धी इंटेलचे चिप वरचढ दिसायचे. पण म्हणणं खरं होतं, आणि खोक्यावरच्या ‘अप टू’ (अमुक तासांपर्यंत) या दोन शब्दांकडे संशयाने बघायची सवय वाचकांना तेव्हापासून लागली.

इकडे १९९५ पासून ॲमेझॉनने खुद्द गिऱ्हाइकालाच रिव्ह्यू लिहायला बसवलं होतं. कल्पना ग्राहक पंचायतीच्या जवळची: ज्याने पैसे मोजले त्याने बोलावं. फक्त पैसे त्यानेच मोजलेत याची खात्री कोण करणार? फेब्रुवारी २००४ मध्ये ॲमेझॉनच्या कॅनडाच्या साइटवर काही दिवस गफलत झाली आणि टोपणनावांमागची खरी नावं दिसू लागली. काही लेखक स्वतःच्याच पुस्तकांची तारीफ करताना सापडले. ती पुस्तकं होती, हसून सोडून देता आलं. जानेवारी २००९ मध्ये बेल्किन या नेटवर्कचं सामान करणाऱ्या कंपनीचा एक कर्मचारी ६५ सेंटला एक या दराने रिव्ह्यू विकत घेताना उघडा पडला. सूचना स्पष्ट होत्या: पूर्ण गुण द्या, वस्तू तुमच्याकडे आहे असं लिहा, आणि इतरांच्या वाईट रिव्ह्यूवर ‘उपयोगी नाही’ असं टिचकवा. कंपनीच्या अध्यक्षांनी माफी मागितली. मला यातली तिसरी सूचना सगळ्यात हुशार वाटते. खोटी स्तुती लिहायला डोकं लागतं, खरी तक्रार खाली ढकलायला एक क्लिक पुरतो.

त्यानंतर हा धंदा झाला. ॲमेझॉनने २०१५ मध्ये रिव्ह्यू विकणाऱ्या हजाराहून जास्त अनामिकांवर दावा लावला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये फुकट मालाच्या बदल्यात लिहिलेले रिव्ह्यू बंद केले, निवडक गिऱ्हाइकांना फुकट माल देऊन रिव्ह्यू लिहून घेणारी स्वतःची ‘वाइन’ योजना मात्र चालू ठेवून. सौदा मग उघड्यावरून खोक्यात शिरला. चार्जर मागवा, लॅपटॉपची बॅग मागवा, आत एक चिटोरी निघते: पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट अमुक नंबरवर पाठवा, शंभर रुपये मिळवा. माझ्या टेबलाच्या खणात अशा तीन आहेत. एकीवर ‘रिव्ह्यूत या कार्डाचा फोटो टाकू नये’ अशी प्रेमळ तळटीपही आहे.

खुद्द लॅपटॉपच्या खोक्यात अशी चिठ्ठी मला अजून सापडलेली नाही. तिथली गोची वेगळी असते. एकाच पानावर चार-पाच कॉन्फिगरेशन विकली जातात आणि सगळ्यांचे स्टार एकाच हंड्यात ओतले जातात. ४.३ हा आकडा १६ जीबी रॅमवाल्याने खूश होऊन दिलेला असतो आणि तुम्ही घेताय ८ जीबीवालं. खाली वाचत गेलात तर ‘डिलिव्हरी लवकर आली, पॅकिंग छान’ याला पाच स्टार आणि ‘कुरिअरवाला फोन न करता आला’ याला एक. दोन्हीत लॅपटॉप कुठेच नाही. शिवाय परदेशी यूट्यूबरने वाखाणलेला तोच मॉडेल आपल्याकडे त्याच नावाने, पण फिका पडदा आणि रॅमची एकच पट्टी लावून येतो. नावापुढच्या अक्षरांच्या लांबलचक शेपटीत काय तो फरक, आणि ती शेपटी कोणी वाचत नाही.

फरक खुद्द कंपनीने पाठवलेल्या यंत्रांतही असू शकतो. जून २०२२ मध्ये ॲपलचा एम२ चिपचा १३ इंची मॅकबुक प्रो आला. नामांकित परीक्षकांकडे गेलेली यंत्रं जास्त स्टोरेजची होती, कौतुक झालं. मग काही यूट्यूबरांनी सगळ्यात स्वस्त, २५६ जीबीचं यंत्र आणून उघडलं. आधीच्या एम१ मध्ये १२८ जीबीचे दोन मेमरी चिप होते, इथे २५६ चा एकच, आणि डेटा वाचायचा वेग जवळपास निम्म्यावर. लिहिणाऱ्यांनी खोटं काही लिहिलं नव्हतं. बहुतेक लोक जे यंत्र विकत घेणार होते ते त्यांच्या टेबलावर आलंच नव्हतं, एवढंच.

म्हणून दुकानातून विकत आणून तपासणं सगळ्यात भलं, असं वाटेल. डिसेंबर २०१६ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्सने नेमकं तेच केलं. नव्या मॅकबुक प्रोची बॅटरी तपासली तर १३ इंचीचं एक यंत्र एकदा १६ तास चाललं, मग पावणेतेरा, मग पावणेचार. त्यांनी शिफारस नाकारली, मॅकबुक प्रोच्या बाबतीत पहिल्यांदाच. ॲपलने त्यांच्यासोबत शोध घेतला तेव्हा कळलं, की चाचणीसाठी सफारी या ॲपलच्या ब्राउझरमध्ये एक सेटिंग बदललेलं होतं. प्रत्येक पान नव्याने उतरावं म्हणून साठवण बंद केली होती, आणि त्यामुळे एक सुप्त बग जागा व्हायचा. बग ॲपलचा, सेटिंग चाचणीवाल्यांचं. दुरुस्तीनंतर जानेवारी २०१७ मध्ये पुन्हा मोजलं आणि शिफारस मिळाली. दोन्ही बाजूंच्या भक्तांनी एकमेकांना झोडपून घेतलं. मला त्यात रिव्ह्यूची इभ्रत गेली असं वाटलं नाही, उलट वाढली. काय केलं ते पायरीपायरीने लिहून ठेवलं होतं म्हणून चूक सापडली. ‘बॅटरी मस्त आहे’ या वाक्यात चूक शोधायची कुठे?

पण त्याच यंत्राची खरी दुखरी नस त्या वादात कोणाच्या हाती लागली नाही. कीबोर्ड. ॲपलने २०१५ च्या १२ इंची मॅकबुकमध्ये ‘बटरफ्लाय’ पद्धतीच्या पातळ कळा आणल्या, २०१६ मध्ये त्या मॅकबुक प्रोमध्ये गेल्या. पहिल्या आठवड्याच्या रिव्ह्यूंत म्हटलं होतं, की कळा फार कमी दबतात, आवाज करतात, सवय होईल. एका आठवड्यात दिसण्यासारखं होतं ते त्यांनी लिहिलं. धुळीचा कण कळीखाली शिरायला आठवडा पुरत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये केसी जॉन्स्टन या पत्रकार बाईंनी स्वतःच्या मॅकबुकची स्पेसबार कशी अडते आणि दुरुस्तीला दुकानात काय काय सांगतात ते लिहिलं आणि त्याखाली समदुःखी गोळा झाले. जून २०१८ मध्ये ॲपलने फुकट दुरुस्ती जाहीर केली, नोव्हेंबर २०१९ पासून जुन्या धर्तीच्या कळा परत आणायला सुरुवात केली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांचा दावा ५ कोटी डॉलरवर मिटवला. परीक्षकाच्या आठवड्यापासून बाईंच्या लेखापर्यंत जवळजवळ एक वर्ष गेलं, आणि त्या वर्षात किती जणांनी तो लॅपटॉप रिव्ह्यू वाचूनच घेतला असेल.

आठवड्याचं बंधन परीक्षकाच्या आळसातून आलेलं नाही. कंपनी यंत्र आधी देते आणि अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंत तोंड बंद ठेवायला सांगते. त्या मिनिटाला सगळे एकदम बोलतात. जो महिन्याने बोलेल त्याच्याकडे तोवर कोणी फिरकत नाही. त्यातच व्हिडिओखालच्या लिंकवरून खरेदी झाली तर टक्का मिळतो. दुकानदाराचं कमिशन ते हेच, फक्त बिघडलेलं यंत्र परत या काउंटरवर येत नाही. दोन वर्षं वापरून मग लिहिणारे आहेत, पण तोपर्यंत तो मॉडेल बाजारातून गेलेला असतो. हौशी पिढीतलं आनंदटेक २७ वर्षं चालून ३० ऑगस्ट २०२४ ला बंद झालं. लांबलचक, आकड्यांनी भरलेले लेख आता किती जण वाचतात, हे त्यातून कळलं.

कायद्याने पहिल्या प्रश्नाचा पाठलाग केला. अमेरिकेत २००९ मध्ये फुकट वस्तू मिळाली तर ते सांगा असं बजावलं गेलं, २०२४ मध्ये खोट्या रिव्ह्यूंवर थेट दंडाचा नियम झाला. आपल्याकडे २०२१ मध्ये मुंबईच्या ‘ॲस्की’ या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने इन्फ्लुएन्सरना जाहिरातीला जाहिरात म्हणायला सांगितलं, नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. मानक काढलं ते ऐच्छिक. किती दिवस वापरलं ते लिहा, असं त्या इन्फ्लुएन्सरला किंवा परीक्षकाला कोणी अजून सांगितलेलं नाही.

आणि मी काही धुतल्या तांदळाचा नाही. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या लॅपटॉपला चौथ्याच दिवशी, साइटवरून आठवणीचा मेल आला म्हणून, पाच स्टार देऊन बसलो: ‘हलका, झटपट, पडदा सुंदर.’ शब्द न् शब्द खरा. चौदाव्या महिन्यात, म्हणजे वॉरंटी संपून दोन महिने झाल्यावर, झाकण उघडताना डावी बिजागरी पडद्याची कड घेऊनच बाहेर आली. सर्व्हिस सेंटरने सांगितलेल्या रकमेत जुना लॅपटॉप आला असता, आता माझाच खाली दोन पुस्तकं लावून टेबलावर उभा असतो. रिव्ह्यू बदलायचा राहून गेला. परवा बघितलं तर त्याखाली लिहिलंय, ४१ जणांना तो उपयुक्त वाटला.