स्पंज उभा धरून पाहा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मोबाइलवर एक युक्ती हमखास फिरू लागते. कुंडीच्या तळाशी भांडी घासायचा जुना स्पंज घाला, वर माती भरा आणि खुशाल आठवडाभर गावाला जा. झाडाला पाणी मिळत राहील. घोडबंदर रोडच्या किंवा नेरूळच्या इमारतींमध्ये ग्रिलवर आठ-दहा कुंड्या ठेवणाऱ्या आणि मे महिन्यात कोकण गाठणाऱ्या घरांना ही युक्ती लगेच पटते. ती अर्धी बरोबर आहे. उरलेली अर्धी मात्र जुलैमध्ये तुळस कुजवते.

आधी स्पंज कुठला ते पाहू. पिवळा-हिरवा जोड स्पंज असतो, त्यातला पिवळा भाग बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा फोम असतो. कोरा असताना त्यावर टाकलेलं पाणी थेंब होऊन बसतं. पाण्यात बुडवून दोन-तीनदा दाबल्यावरच तो भिजतो. दुसरा प्रकार सेल्युलोजचा, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला. ओटा पुसायला मिळणारे पातळ चौकोनी 'स्पंज वाइप' याच जातीचे. वाळले की पुठ्ठ्यासारखे कडक, ओले झाले की मऊ. सेल्युलोजच्या रेणूंवर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) दाटीने असतात आणि ते पाण्याला धरून ठेवतात. पुढच्या बहुतेक कामांना हाच दुसरा प्रकार हवा.

आता एक प्रयोग. साधारण १० × ७ × ३ सेंमीचा जाड स्पंज पाण्यात दाबून पूर्ण भिजवा आणि न पिळता आडवा धरा. गळणं थांबेपर्यंत थांबा. मग तोच स्पंज १० सेंमीची बाजू उभी येईल असा फिरवा. पुन्हा धार लागेल. ती थांबली की कोपऱ्यावर तिरका धरा. आणखी थोडं पाणी पडेल. स्पंज तोच, छिद्रं तीच, कुणी पिळलंही नाही. मग हे पाणी कुठून आलं?

शाळेत केशाकर्षण शिकवताना बारीक नळीत पाणी चढताना दाखवतात. नळी जितकी अरुंद, तितकं पाणी उंच. हा नियम जेम्स ज्युरिन यांनी १७१८ साली मांडला, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. पाण्यासाठी आणि पूर्ण भिजणाऱ्या पदार्थासाठी त्याचं घरगुती रूप सोपं आहे: ३० ला छिद्राच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा, पाणी किती मिलिमीटर उंचीपर्यंत टिकेल ते मिळतं. १ मिमीच्या छिद्रात ३ सेंमी, ०.२ मिमीच्या छिद्रात १५ सेंमी. म्हणजे स्पंजात किती पाणी राहणार हे नुसत्या आकारमानावर ठरत नाही, त्याची उंची किती आहे यावरही ठरतं. ३ सेंमी उंचीचा आडवा स्पंज जवळजवळ भरलेला राहतो. तोच १० सेंमी उभा केला की वरच्या भागातली मोठी छिद्रं रिकामी होतात आणि तिथे फक्त बारीक छिद्रांतलं पाणी उरतं.

कुंडीतली माती हाही एक स्पंजच आहे. पाणी घातल्यावर खालच्या छिद्रातून निचरा थांबला, तरी तळाशी काही सेंटिमीटर माती चिंब राहते. या थराची उंची मातीच्या बारीकपणावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. म्हणूनच उथळ कुंडीतली झाडं लवकर कुजतात. तिथे चिंब थर अर्धी कुंडी व्यापतो. निचऱ्यासाठी तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालण्याची पद्धतही यामुळेच फसते. बारीक मातीतलं पाणी मोठ्या फटींमध्ये सहजासहजी उतरत नाही, त्यामुळे चिंब थर खडीच्या वर जाऊन बसतो, थेट मुळांजवळ. भिजलेला स्पंज तळाशी घातला तर तो स्वतःच चिंब थर बनतो. माती वाळू लागली की तिची बारीक छिद्रं स्पंजातलं पाणी ओढून घेतात, एवढा भाग खरा. पण एका स्पंजातलं शे-दीडशे मिलिलिटर पाणी भरगच्च तुळस मे महिन्यात एक-दोन दिवसांत संपवते. पावसाळ्यात मात्र तो स्पंज वाळतच नाही. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, आणि मुळं गुदमरतात.

तळाच्या चिंब थरातलं पाणी बाहेर ओढायला याच नियमाचा उलटा उपयोग करता येतो. स्पंज वाइपची २ ते ३ सेंमी रुंद, १८ सेंमी लांब पट्टी कापा. ती पूर्ण भिजवून हलकी पिळा. पेन्सिलीच्या टोकाने ७-८ सेंमी भाग खालच्या छिद्रातून मातीत सारा आणि उरलेला भाग १० सेंमीच्या आसपास खाली मोकळा लोंबू द्या. यासाठी कुंडी दोन उभ्या विटांवर ठेवावी लागते. आडव्या विटेची उंची पुरत नाही. आता पाण्याच्या स्तंभाचं खालचं टोक छिद्रापाशी राहिलं नाही, ते पट्टीच्या टोकाला गेलं. तळाची माती त्या टोकापासून १० सेंमी वर आहे, म्हणजे तिथल्या पाण्याला १० सेंमीच्या स्तंभाइतकी ओढ बसते. ३० भागिले १००, म्हणजे ०.३ मिमी. तळाच्या मातीतली ०.३ मिमीपेक्षा रुंद छिद्रं रिकामी होतात आणि त्यांत हवा शिरते. पट्टीची स्वतःची छिद्रं याहून बारीक असली तरच ती भरलेली राहते आणि ओढ टिकते. जाड, मोठ्या भोकांचा स्पंज इथे चालत नाही तो यामुळे.

काय चुकतं तेही सांगायला हवं. पट्टी कोरडी सारली तर पाणी सुरूच होत नाही. तिचं टोक खालच्या ताटलीतल्या पाण्याला टेकलं तर लोंबत्या भागाचा फायदा जातो आणि निचऱ्याऐवजी पाणी वर चढतं. शिवाय मातीतल्या बुरश्या आणि जिवाणू सेल्युलोज खातात, त्यामुळे ही पट्टी चार महिन्यांचा पाऊस काढेल अशी अपेक्षा नको. लिबलिबीत झाली की बदला.

मे महिन्यात हीच पट्टी उलट दिशेने कामाला लावायची. एक टोक पाण्यात, दुसरं ५ सेंमी मातीत दाबलेलं. पाण्याची पातळी मातीच्या पृष्ठभागापेक्षा खाली हवी. वर असली तर पट्टी वक्रनलिकेसारखी (सायफनसारखी) वागते आणि रात्रीतून सगळं पाणी कुंडीतून वाहून लादीवर येतं. फार खालीही नको, ८-१० सेंमी पुरे. उंच बादली याच कारणाने वाईट: पाणी कमी होत गेलं की चढायची उंची वाढते आणि अर्धी बादली शिल्लक असतानाच पुरवठा मंदावतो. पसरट टब घ्या, झाकणाला फट पाडून पट्टी बाहेर काढा आणि उघडा भाग दुधाच्या पिशवीत गुंडाळा, नाहीतर पाणी वाटेतच उडून जातं. झाकण डासांसाठीही हवंच. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या काठाशी चिकटलेली असतात आणि वाळूनही महिनोन्महिने टिकतात, म्हणून परत आल्यावर टब नुसता ओतू नका, आतून घासा. निघण्याच्या दोन दिवस आधी हे सगळं मांडून पाण्याच्या पातळीवर मार्करने खूण करा. दिवसाला किती उतरतं ते कळलं की किती दिवस पुरेल याचा हिशेब होतो.

गळक्या नळाचा 'टप्' आवाजही स्पंजाने थांबतो. २०१८ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की हा आवाज थेंबाच्या आपटण्याचा नसतो. थेंब पाण्यात पडल्यावर पृष्ठभागाखाली हवेचा एक छोटा बुडबुडा अडकतो आणि त्याच्या कंपनांचा तो आवाज असतो. बादलीत थेंब पडतो त्या जागी स्पंज ठेवला की बुडबुडाच तयार होत नाही. भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकले तरी पृष्ठताण कमी होऊन तोच परिणाम मिळतो. एसीचं पाणी खालच्या घराच्या पत्र्यावर पडतं तेव्हा मात्र पत्राच कंप पावतो. तिथे पाईप जोडणं हाच उपाय. तारेने बांधलेला स्पंज पहिल्या वादळात उडतो.

सरकत्या खिडक्यांच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांमध्ये पावसाची माती साचून पाणी जायची छोटी भोकं बुजतात आणि पाणी घरात येतं. पिवळा फोम खिडकीच्या रुळांवर दाबा, उमटलेल्या रेघांवर कटरने १ सेंमी खोल चिरा द्या. चिरलेला स्पंज रुळांवर बसतो आणि एका सरकवण्यात सगळ्या खाचा पुसल्या जातात. आधी सुकी माती ब्रशने काढावी, नाहीतर तिचा चिखल होऊन त्याच भोकांत बसतो.

स्पंजावर खडेमीठ पसरून तो न्हाणीघरात ठेवा, मीठ 'नकारात्मक ऊर्जा' शोषून ओलं होतं, असं सांगणारे वास्तूचे उपाय अलीकडे बरेच दिसतात. मीठ ओलं होतं हे खरं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं, आणि ठाण्यात जुलैमध्ये आर्द्रता बहुतेक दिवस त्याहून जास्त असते. तेच मीठ मार्चमधल्या कोरड्या दुपारी कोरडंच राहील. त्या दिवशी घर पवित्र झालेलं नसतं. आर्द्रता कमी करायलाही हा उपाय फारसा कामाचा नाही, कारण ७५ टक्क्यांच्या खाली मीठ घेतलेलं पाणी परत सोडतं.

डब्यातलं दही किंवा फळं गार ठेवायची असतील तर नवा स्पंज भिजवून, झिपच्या पिशवीत घालून, आडवा गोठवा. १०० ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ३३ हजार ज्यूल उष्णता घेतो, आणि वितळलेलं पाणी स्पंजातच राहतं, पिशवी फाटली तरी डबा तरंगत नाही. पिशवी भरताना थोडी जागा सोडा, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. आणि डब्यात ती आडवीच ठेवा.