अमेरिकन राज्य विधिमंडळातल्या इंटर्न आणि फेलोंचा सन्मान

अमेरिकेतल्या ५० राज्यांना प्रत्येकाचं स्वतःचं विधिमंडळ आहे आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आमदारांच्या आणि कमिट्यांच्या ऑफिसात कॉलेजची मुलंमुली इंटर्न म्हणून, तर पदवी झालेले तरुण फेलो म्हणून राबत असतात. अधिवेशन चालू असताना एखाद्या दिवशी सभागृह ठराव करून त्यांचे जाहीर आभार मानतं, त्या प्रथेबद्दल ही नोंद आहे. रोख बक्षीस वगैरे काही नसतं आणि कायद्यातही काही बदलत नाही. पण ज्याने तिथे चार-पाच महिने काढलेत त्याच्यासाठी हे खूप मोठं असतं.

का मोठं, ते कळायला काम काय असतं ते बघावं लागतं. मतदारांचे फोन घ्यायचे (त्यातले निम्मे चिडलेले), पत्रांना उत्तरं लिहायची, कमिटीच्या सुनावणीत बसून टिपणं काढायची, विधेयक नक्की काय बदलतंय ते आमदाराला एका पानात समजावून द्यायचं. यातल्या एकाही कागदावर इंटर्नचं नाव येत नाही, पत्राखाली सही आमदाराची, भाषणही आमदाराचं. नाव येतं ते फक्त या ठरावात.

टेक्ससचं उदाहरण घेऊ. तिथलं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच, विषम वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी सुरू होतं आणि जास्तीत जास्त १४० दिवस चालतं. खालच्या सभागृहात १५० आणि सिनेटमध्ये ३१ सदस्य, त्यांचा पगार महिना ६०० डॉलर (अधिवेशनात दिवसाचा भत्ता वेगळा), त्यामुळे बहुतेकांचा स्वतःचा कामधंदा असतोच, आणि अलीकडे एकेका अधिवेशनात सात-आठ हजार विधेयकं येतात. ६० व्या दिवसापर्यंत बहुतेक विधेयकं दाखल करायची असतात, तेव्हा त्या आठवड्यात ऑफिसात घड्याळाकडे कुणी बघत नाही. एवढा पसारा १४० दिवसांत उरकायचा तर ही पोरं लागतातच.

ठराव साधा असतो, म्हणजे एकाच सभागृहाचा, गव्हर्नरच्या सहीची गरज नाही. भाषा ज्याअर्थी-त्याअर्थीची. ज्याअर्थी अमुक विद्यार्थिनीने अमुक ऑफिसात काम केलं, ज्याअर्थी ती तमुक विषय शिकते, आणि शेवटी त्याअर्थी हे सभागृह तिचं अभिनंदन करतं. पुष्कळदा मुलं गॅलरीत बसलेली असतात, नाव पुकारलं की उभी राहतात, खालून सदस्य टाळ्या वाजवतात, सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. मग ठराव सभागृहाच्या जर्नलमध्ये जातो. हे जर्नल ठेवणं आणि छापणं राज्यघटनेनेच बंधनकारक केलंय, म्हणजे ज्या वहीत कायद्यांवरचं मतदान नोंदवतात त्याच वहीत एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीचं नाव कायमचं बसतं. मला या प्रथेतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

कॅलिफोर्नियात घडी जास्त पक्की आहे. असेंब्लीची (तिथल्या खालच्या सभागृहाची) फेलोशिप १९५७ पासूनची, तिला साठच्या दशकातले स्पीकर जेसी अनरू यांचं नाव दिलंय, सिनेटची फेलोशिप १९७३ ला आली. दोन्हींत दरवर्षी १८-१८ फेलो घेतात, ते साधारण ११ महिने पूर्ण वेळ काम करतात, मासिक मानधन आणि विद्यापीठाचे क्रेडिटही (अभ्यासक्रमात धरले जाणारे श्रेयांक) मिळतात, आणि कार्यक्रम सॅक्रामेंटो स्टेट विद्यापीठातलं सेंटर फॉर कॅलिफोर्निया स्टडीज चालवतं.

पैशाचा मुद्दा टाळून चालणार नाही. फेलोला सहसा मानधन असतं पण इंटर्नला अनेक ऑफिसांत नुसते क्रेडिट मिळतात, मग राजधानीच्या शहरात घरभाडं भरून फुकट काम करणं ज्याला परवडतं तोच येतो, आणि गॅलरीत उभं राहायची संधीही त्यालाच. म्हणून काही कार्यक्रम मुद्दाम विद्यावेतन देतात. ठराव हवाच, पण तो पगाराच्या जागी देऊ नये.

टेक्ससमध्ये ठरावांचे मसुदे लेजिस्लेटिव्ह कौन्सिल ही विधिमंडळाचीच संस्था करून देते, माहिती मात्र आमदाराचं ऑफिस पुरवतं. त्यामुळे नावाचं स्पेलिंग आणि उच्चार आधी खुद्द त्या मुलाकडून तपासून घेतलेला बरा, कारण वाचून दाखवताना चुकलं तर घरून खास बघायला आलेल्या आईवडिलांना ते लगेच कळतं.