मर्सिडीज-बेंझ : सीमाभागातली 'बेंझ'

मर्सिडीज-बेंझ म्हणजे जर्मनीतल्या श्टुटगार्टची महागड्या मोटारींची कंपनी आणि तिच्या गाड्यांवरचं नाव. तारा कसा असतो, गाडी कशी दिसते हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर इथं जागा घालवत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मात्र हे जोडनाव तुटून दोन झालंय. म्हातारी माणसं 'बेंझ' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर लॉरी असते आणि पोरं 'मर्सिडीज' म्हणतात तेव्हा कार. आमच्या मते इथली या नावाची पत आधी लॉरीनं आणि डिझेल इंजिनानं कमावली, कार बरीच नंतर आली आणि तयार पतीवर बसली. कंपनीच्या छापील इतिहासात हा क्रम उलटा दिसतो म्हणून ही नोंद जरा सविस्तर.

'मर्सिडीज' हे पोरीचं नाव हे सगळे सांगतात पण कुणाच्या पोरीचं यात घोळ होतो, बऱ्याच ठिकाणी बेंझची मुलगी नाहीतर डाइमलरची मुलगी असं छापलेलं असतं, दोन्ही चूक. एमिल येलिनेक नावाचा व्यापारी होता, जन्म 1853 चा लाइपझिगचा, फ्रान्समधल्या नीस शहरात राहायचा आणि डाइमलर कंपनीच्या (पुढं बेंझच्या कंपनीशी एक झाली ती) गाड्या श्रीमंतांना विकायचा, मर्सेदेस ही त्याची मुलगी, जन्म 1889. हा गडी स्वतः शर्यतीत उतरताना मुलीचंच नाव लावायचा. मार्च 1900 मध्ये नीसजवळ ला तुर्बीच्या चढाच्या शर्यतीत डाइमलरची उंच, जड गाडी आपटून विल्हेल्म बाउअर हा चालक मेला, कंपनी शर्यतीतून अंग काढायच्या विचारात आली, तेव्हा येलिनेकनं उलटा आग्रह धरला की गाडी बुटकी करा, लांब-रुंद करा, वजन खाली आणा. 36 गाड्यांची साडेपाच लाख मार्कांची ऑर्डर त्यानं दिली, त्या काळात ही रक्कम प्रचंड होती, आणि अट घातली की नव्या इंजिनाला मुलीचं नाव द्यायचं. डाइमलरच्याच विल्हेल्म मायबाखनं आखलेली ती 35 अश्वशक्तीची गाडी डिसेंबर 1900 मध्ये त्याच्या हाती आली आणि मार्च 1901 च्या नीसमधल्या शर्यतींत तिनं बाकीच्यांना धूळ चारली. मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर, दाबून घडवलेल्या पोलादाची चेसिस, खाली बसवलेलं इंजिन, आजच्या मोटारीची ठेवण बहुतेक अभ्यासक इथूनच धरतात आणि ते पटतं. 1902 मध्ये नावाची नोंदणी झाली. पुढच्या वर्षी येलिनेकनं स्वतःच्याच आडनावाला मर्सेदेस जोडून घेतलं, म्हणजे बापानं पोरीचं नाव लावलं!

शब्दाचं मूळ स्पॅनिश. मारिया दे लास मर्सेदेस म्हणजे दयेची माता मेरी, मर्सेदेस हे 'कृपा, दया' याचं अनेकवचन, आणि त्याच्या मागचा लॅटिन शब्द मोबदला, मजुरी या अर्थाचा. आता आपल्याकडची गोष्ट. चोर्ल्याचा घाट उतरून गोव्याला जाणाऱ्या बेळगावकराला पणजीच्या अलीकडं मेरशी गाव लागतं, त्याचं पोर्तुगीज नाव मर्सेस, तिथल्या दयेच्या मातेच्या चर्चवरून पडलेलं. म्हणजे मेरशी आणि मर्सिडीज एकाच शब्दाच्या दोन वाटा आहेत, एक पोर्तुगीजांबरोबर चारेकशे वर्षांमागं आपल्या शेजारी येऊन मुरलेली आणि दुसरी जर्मनीवरून लोखंडात बसून आलेली. जर्मन उच्चार 'मेर्त्सेडेस' आणि 'बेन्त्स' असा काहीसा आहे, 'मर्सिडीज' हे वळण इंग्रजीतून आलेलं, मराठीत तेच रुळलंय आणि तेच ठेवावं.

'बेंझ' कार्ल बेंझचं. मानहाइम शहरात त्यानं एका सिलिंडरची तीनचाकी केली आणि 29 जानेवारी 1886 ला पेटंट मागितलं, नंबर 37435, ताकद पाऊण अश्वशक्ती. याच वर्षी शंभरेक किलोमीटरवर कानश्टाटला गोटलिब डाइमलर आणि मायबाख घोडागाडीला इंजिन बसवत होते, दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पहिली मोटार कुणाची हा वाद जुना आहे. फ्रान्सच्या क्युन्योची वाफेची गाडी 1769-70 ची, पण ती वाफेची, म्हणून ती वेगळी धरतात. खरा पेच झीगफ्रीड मार्कुसचा. व्हिएन्नातल्या संग्रहालयात त्याची पेट्रोलगाडी आहे, तिला बराच काळ 1875 चं साल लावलं जायचं, म्हणजे बेंझच्या अकरा वर्षं आधी. नंतरच्या संशोधनानं ती साधारण 1888-89 पर्यंत खाली आणली आणि आज तेच साल जास्त मानलं जातं. पण या प्रश्नात नुसतं संशोधन नव्हतं. मार्कुस ज्यू होता, आणि 1940 मध्ये नाझी सरकारच्या प्रचार खात्यानं जर्मन विश्वकोशांना कळवलं की मोटारीचा जनक म्हणून मार्कुसचं नाव यापुढं नको, डाइमलर आणि बेंझ यांचंच लिहा. विश्वकोशाची नोंद लिहिणाऱ्यानं ही गोष्ट कायम ध्यानात ठेवावी, साल नंतर दुरुस्त झालं ते पुराव्यावर आणि नाव आधी खोडलं गेलं ते जातीवर, या दोन गोष्टी एकत्र करू नयेत. आमचा कौल बेंझकडं आहे, कारण त्याची गाडी पेटंटसकट, विक्रीसकट पुढं चालत राहिली.

आणि ती चालते हे दाखवलं बेर्टा बेंझनं. ऑगस्ट 1888 मध्ये दोन पोरांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, ती मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली, शंभरेक किलोमीटर, म्हणजे आपलं बेळगाव ते कोल्हापूर धरा थोडं कमी. वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, नळीत अडकलेला कचरा टोपीच्या पिनेनं काढला, ब्रेकच्या लाकडाला चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. लग्नाआधीच आपला हुंड्याचा पैसा तिनं कार्लच्या धंद्यात घातला होता, तेव्हा तिला नुसती 'बेंझची बायको' म्हणून एका ओळीत उरकणं बरोबर नाही.

तीन टोकांचा तारा डाइमलरच्या बाजूचा, 1909 चा. डाइमलरनं एकदा घराच्या चित्रावर तारा काढून बायकोला पाठवला होता, ते मुलांनी ध्यानात ठेवलं असं सांगतात. जमीन, पाणी, हवा हा अर्थ. बेंझकडून त्याच सुमाराला पानांचं कडं आलं. पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत दोन्ही कंपन्या टेकीला आल्या आणि जून 1926 मध्ये एक झाल्या, तारा कड्यात बसला.

नाझी काळाचा डाग मोठा आहे. मोठमोठ्या नेत्यांच्या उघड्या गाड्या याच कंपनीच्या होत्या हे फोटोत दिसतं, फोटोत न दिसणारं म्हणजे युद्धाच्या शेवटच्या वर्षांत कारखान्यात राबणाऱ्यांत परदेशातून पकडून आणलेले मजूर, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले कैदी हजारोंनी होते. कंपनीनं पुढं अभ्यासकांना आपली कागदपत्रं उघडी करून दिली आणि हे कबूल केलं. ब्रँडची कीर्ती लिहिताना हा भाग गाळला की नोंद खोटी होते.

आता डिझेल, कारण सीमाभागाशी नातं इथं जुळतं. बेंझच्या कंपनीत प्रॉस्पर लोरांज या इंजिनियरनं 1909 मध्ये प्रीचेंबरचं पेटंट घेतलं. म्हणजे डिझेल थेट मोठ्या सिलिंडरमध्ये न पेटवता आधी बाजूच्या छोट्या खोलीत पेटवायचं आणि तो जाळ भोकांतून आत ढकलायचा, त्यामुळं ठोका मऊ होतो आणि इंजिन लहान करता येतं, पण थंडीत सुरू व्हायला त्या खोलीला आधी तापवावं लागतं. आपले ड्रायव्हर 'हीटर लाव, मग सेल्फ मार' म्हणायचे ते यामुळंच, सिलिंडरची ती छोटी खोली मानहाइमची आहे. 1923 च्या सुमाराला बेंझनं डिझेल लॉरी केली, 1936 ला 260 डी ही डिझेल कार, डिझेलवरच्या पहिल्या कारांतली एक. त्यांच्या इंजिनांच्या नावात ओएम ही अक्षरं असतात, तेलावरचं इंजिन अशा अर्थाच्या जर्मन शब्दाची.

1954 मध्ये टेल्कोनं म्हणजे टाटांनी डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून त्याच वर्षी लॉऱ्या निघू लागल्या, नाव टाटा मर्सिडीज-बेंझ, समोरच्या जाळीवर तोच तारा, आत ओएम 312 हे सहा सिलिंडरचं साधारण साडेचार लिटरचं इंजिन. साल नीट बघा. 1954 मध्ये बेळगाव जिल्हा अजून मुंबई राज्यात होता, 1956 च्या पुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला, म्हणजे तारा या जिल्ह्यात आला तो सीमा बदलायच्या जरा आधी. निपाणीची तंबाखू, खानापूरची कौलं आणि विटा, दांडेलीच्या जंगलाचं लाकूड, हा सगळा माल पुणे-बंगळूर रस्त्यानं हलायचा आणि त्या रस्त्यावर पेट्रोलच्या जुन्या लॉऱ्यांपुढं डिझेलची ही गाडी मालकाला परवडली. 1969 ला करार संपला, तारा उतरला आणि टाटांचा टी बसला, पण बोलण्यातून 'बेंझ' गेला नाही, टीवाल्या लॉरीलाही लोक पुढं कैक वर्षं 'बेंझ गाडी' म्हणत राहिले. इथं ट्रक न म्हणता लॉरी म्हणतात, तसंच हे, रस्त्यावरचा शब्द रस्त्यानंच ठरवला.

दुसरी लाट ट्रॅक्स या जीपवजा गाडीची. पुण्याच्या बजाज टेम्पोनं (आता फोर्स मोटर्स) 1980 च्या दशकात डाइमलर-बेंझच्या मदतीनं टेम्पो ट्रॅव्हलर आणली आणि ट्रॅक्समध्ये ओएम 616 या घराण्याचं इंजिन बसवलं, चार सिलिंडर, 2.4 लिटर, म्हणजे जर्मनीत टॅक्सीवाल्यांच्या 240 डी कारमध्ये असलेलंच. शिनोळीवरून चंदगडकडं, खानापूरकडं, आडगावांच्या बाजाराला वडाप म्हणजे सीटमागं भाडं घेऊन फेऱ्या करणाऱ्या ट्रॅक्समध्ये बारा-पंधरा माणसं कोंबून, टपावर पोती आणि कोंबड्यांची डालगी लादून हे इंजिन घाट चढायचं. दोन-तीनदा इंजिन बांधून झालं तरी मेस्त्री म्हणायचा, 'बेंझचं हाय वो, मरत नाही.' मर्सिडीजमध्ये कधी न बसलेल्या हजारो माणसांनी तिच्या इंजिनावर निम्मं आयुष्य प्रवास केला, आणि पत यालाच म्हणायची. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या फौंड्रीत आणि लेथवर ब्लॉक, हेड, क्रँक हाताळणाऱ्या लोकांत या नावाला जो मान आहे तो बघून आलेला नाही, खोलून आलेला आहे.

कारची बाजू इथं त्या मानानं पातळ आहे. संस्थानी काळात कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याकडं 1930 च्या दशकातली भगव्या रंगाची मायबाख होती, आपल्याकडं तिला बहुतेक जण मेबॅक म्हणतात, पण ती तेव्हा मर्सिडीज नव्हे. विल्हेल्म मायबाखचा मुलगा कार्ल याच्या वेगळ्या कंपनीची ती गाडी, ते नाव डाइमलर-बेंझकडं 1960 मध्ये आलं, 2002 ला स्वतंत्र गाडी म्हणून परत काढलं, ते चाललं नाही आणि 2014 पासून मर्सिडीज-मायबाख असं जोडून चालतं. मर्सिडीज-बेंझ इंडिया 1994 ची, 1995 ला पुण्यात टेल्कोच्या आवारात ई-क्लास जुळू लागली, 2009 मध्ये चाकणला स्वतःचा कारखाना. म्हणजे बेळगावातून निघालं की एका दिवसात जाऊन यावं इतक्या अंतरावर ती बनते. तरी ती साखर, बांधकाम, दवाखाने या वर्तुळातच दिसते. कर्नाटकात 20 लाखांवरच्या कारला आजीवन कर 18 टक्के, वर अधिभार, त्यामुळं नंबरपाटी बेळगावच्या केए 22 ची घ्यायची की नातेवाइकांच्या पत्त्यावर पलीकडची, महाराष्ट्रातली, ही चर्चा प्रत्येक खरेदीत होतेच. गाडी कायम इथं चालत असेल तर कर इथंच भरावा लागतो, हे सांगून ठेवतो.

कारची जागतिक कीर्ती मुख्यतः सुरक्षेवर उभी आहे. बेला बारेन्यी या इंजिनियरनं 1951 च्या पेटंटात मांडलं की गाडीचं पुढचं-मागचं टोक मुद्दाम चुरगळू द्यायचं आणि मधली खोली कडक ठेवायची, 1959 च्या मॉडेलात ते आलं, आज प्रत्येक कारमध्ये आहे. 1978 ला बॉशबरोबरची एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. धक्केही बसले. 1955 च्या फ्रान्समधल्या ल मां शर्यतीत त्यांची गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीच्या वर माणसं गेली, त्या वर्षाअखेर कंपनीनं शर्यती सोडल्या त्या तीसेक वर्षं. 1997 ला स्वीडनमध्ये अचानक वळण घ्यायच्या चाचणीत नवी ए-क्लास उलटली, मग कंपनीनं घसरण आवरणारी ईएसपी यंत्रणा त्या गाडीत सरसकट दिली आणि एका नाचक्कीतून ती यंत्रणा छोट्या गाड्यांपर्यंत पोचली. 1998 ते 2007 अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीबरोबरचा संसार टिकला नाही, त्या सुमाराच्या गाड्यांचा गंज आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या तक्रारी जुन्या मर्सिडीजवाल्यांच्या अजून तोंडात आहेत.

डिसेंबर 2021 मध्ये लॉऱ्यांचा धंदा डाइमलर ट्रक या वेगळ्या कंपनीत गेला आणि फेब्रुवारी 2022 ला उरलेल्या मोटारींच्या कंपनीनं मर्सिडीज-बेंझ ग्रुप हे नाव घेतलं. लॉऱ्यावाल्यांच्या भारतातल्या शाखेनं त्याआधीच, 2012 मध्ये, चेन्नईजवळच्या ओरगडमहून भारतबेंझ या नावानं लॉऱ्या काढल्या होत्या. निपाणी ते बेळगाव रस्त्यावर त्या रोज दिसतात आणि ड्रायव्हर लोक भारत हा शब्द गाळून नुसतं 'बेंझ' म्हणतात.