अंगाचा साबण, दाढीचा साबण आणि मधलं पाणी

"दाढीला फेस नीट येत नाही, जरा महागातला साबण घेऊ का?" हा प्रश्न कुणी विचारला की मी आधी उलट दोन प्रश्न विचारतो. वडीच्या वेष्टनावर मागे घटकांची पहिली दोन-तीन नावं कोणती आहेत? आणि ब्रश साबणावर फिरवायला लागल्यापासून गालाला लावेपर्यंत पाणी किती वेळा घातलं? बहुतेक वेळा दुखणं या दोन उत्तरांतच सापडतं.

गोंधळ असा होतो की साबणासाबणांत दोन वेगळे फरक असतात आणि आपण ते एकच समजतो. एक फरक घडणीचा, अंगाला लावायचा साबण आणि दाढीचा साबण यांच्यातला. दुसरा किमतीचा, स्वस्त आणि महाग दाढीचा साबण यांच्यातला. पहिला फरक मोठा आहे आणि तो भरून काढायला फार पैसे लागत नाहीत. दुसरा बारीक आहे आणि त्यापायी कितीही पैसे जाऊ शकतात. माणसं पहिल्या फरकाचं दुखणं दुसऱ्याच्या औषधाने बरं करायला जातात.

आधी पहिला फरक डोळ्यांनी बघू. दोन वाट्या घ्या. एकीत अंगाच्या साबणाचा फेस करा, दुसरीत दाढीच्या साबणाचा. ब्रश तोच, मध्ये स्वच्छ धुतलेला. अंगाचा साबण लगेच कामाला लागतो. दहा-पंधरा फेऱ्यांत वाटी भरते, बुडबुडे एकेक मोजता येतील एवढे मोठे. वाटी कानाशी धरली तर ते फुटतानाची बारीक सरसर ऐकू येते. दोन-तीन मिनिटं तशीच ठेवली की वर जाळीसारखा पोकळ फेस उरतो आणि तळाशी साबणाचं पाणी साचतं. दाढीचा साबण सुरुवातीला निराश करतो. पहिलं अर्धं मिनिट ब्रशच्या टोकांना नुसता चिकट लगदा लागतो. थोडं थोडं पाणी घालत गेलं की तो हळूहळू भरून येतो, पण बुडबुडे इतके बारीक की वेगळे दिसतच नाहीत. त्यात बोटाने रेघ ओढली तर पाच मिनिटांनीही ती तशीच असते.

घाईत पाहिलं तर पहिली वाटी सरस वाटते. फेस भरपूर, तोही लवकर. पण बुडबुड्याच्या पोटात हवा असते आणि हवेचा ब्लेडला काही उपयोग नाही. ब्लेड आणि कातडी यांच्यामध्ये साबण-पाण्याचा सलग थर टिकायला हवा. केस ओला ठेवायचं काम त्या थराचं, आणि ब्लेड घसरू द्यायचं कामही त्याचंच. दाढीचा कोरडा केस चांगलाच कडक असतो. पाणी शोषलं की तो फुगतो, त्यातल्या केराटिन या प्रथिनाच्या साखळ्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सैल होतात आणि कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. याला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ पाणी केसांवर धरून ठेवेल तो फेस कामाचा.

आता हे दोन साबण इतके वेगळे का वागतात ते पाहू. साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि अल्कली यांच्या संयोगातून बनलेला पदार्थ. तेल कोणतं आणि अल्कली कोणती, इथेच दोघांच्या वाटा फुटतात. अंगाच्या साबणात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, वापरतात. त्याने वडी कडक होते आणि ओल्या जागी ठेवली तरी लगेच विरघळून जात नाही. फेस पटकन यावा म्हणून त्यात खोबरेल किंवा पामच्या बियांचं तेल असतं. तेलं आणि चरब्या वेगवेगळ्या आम्लांच्या साखळ्यांची बनलेली असतात, आणि खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल. 12 कार्बनची ही आखूड साखळी पाण्यात चटकन उतरते, मोठे बुडबुडे करते आणि कातडीवरचं तेल जोराने ओढून काढते. अंघोळीला हेच हवं असतं, त्यामुळे अंगाच्या साबणाला दोष देण्यात अर्थ नाही.

दाढीच्या साबणाचा सगळा भर स्टिअरिक आम्लावर असतो. याची साखळी 18 कार्बनची, लांब. 19व्या शतकाच्या सुरुवातीला शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने चरबीचा अभ्यास करताना हे आम्ल वेगळं ओळखलं, आणि चरबीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव मिळालं. मेणबत्तीला कडकपणा देण्यासाठीही हेच वापरतात. स्टिअरिकपासून बनलेला साबण बुडबुडे बारीक ठेवतो आणि ते सहजी फुटू देत नाही. अडचण एवढीच की सोडियमशी जोडलेलं स्टिअरिक कोमट पाण्यात जेमतेम विरघळतं. म्हणून इथे कॉस्टिक पोटॅश, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, लागतं. त्याने साबण मऊ होतो आणि पाण्यात सहज उतरतो. वडीला आकार राहावा म्हणून सोबत थोडा कॉस्टिक सोडाही घालतात. शिवाय ग्लिसरीन. तेलापासून साबण होताना ते आपोआप तयार होतं, पण अंगाचा साबण मोठ्या प्रमाणावर बनवताना बऱ्याचदा ते वेगळं काढून घेतात. दाढीच्या साबणात ते राहू देतात किंवा वरून घालतात, कारण ते पाणी धरून ठेवतं.

हे एकदा कळलं की वेष्टन वाचता येतं. घटकांची यादी जास्त प्रमाणापासून कमी प्रमाणाकडे जाते. सुरुवातीलाच स्टिअरिक ॲसिड, पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंवा पोटॅशियम स्टिअरेट दिसलं तर तो दाढीचा साबण. सुरुवातीला सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नलेट, सोडियम कोकोएट (म्हणजे पाम आणि खोबरेलाचे सोडियमवाले साबण) आणि पोटॅशियमचं नाव कुठेच नाही, असं असेल तर तो अंगाचा साबण आहे, मग तो लाकडी वाटीत बसवलेला असो की डबीवर ब्रशचं चित्र असो. (टॅलोएट हा शब्द दिसला तर त्यात जनावरांची चरबी आहे. ती चालत नसेल तर तेवढं बघून घ्यावं.)

माझ्या एका मित्राला अशीच एक सुंदर गोल वडी भेट मिळाली होती. तीन आठवडे त्याची मान दाढीनंतर लालबुंद होत होती. त्याने ब्लेड बदललं, मग रेझर बदलला, मग आपली कातडीच नाजूक असं ठरवून टाकलं. मी वडी उलटी करून यादी वाचली. पोटॅशियम कुठेच नव्हतं. त्याने अगदी साधी, पण पोटॅशियमवाली वडी आणली आणि आठवड्याभरात मान शांत झाली. तीन आठवडे तो स्वतःच्या कातडीला दोष देत राहिला, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता किमतीचा फरक. हिशोब वडीच्या किमतीवर करू नका, दर दाढीमागे करा. मी एक वडी नवी असताना आणि मग महिन्याभराने छोट्या काट्यावर तोलली, तेव्हा दाढीमागे साधारण एक ग्रॅम साबण जात होता. म्हणजे 100 ग्रॅमची वडी शंभरेक दाढ्या चालते. एक ब्लेड चार-पाच दाढ्या चालतं असं धरलं तर तेवढ्यात 20 ते 25 ब्लेड संपतात. त्या ब्लेडांची एकूण किंमत आणि वडीची किंमत शेजारी ठेवून पाहिली की कुठे हात सैल सोडावा आणि कुठे आवळावा हे स्वतःच ठरवता येतं.

स्वस्त पण खऱ्या दाढीच्या साबणाचाही फेस पुरेसा दाट आणि बुळबुळीत होतो. मधल्या किमतीत गेलं की काय मिळतं? एक तर चूक खपते. पाणी थोडं कमी-जास्त झालं तरी फेस बिघडत नाही. दुसरं, फेस पुसला गेला तरी कातडीवर निसरडेपणा उरतो, त्यामुळे हनुवटीखाली त्याच जागी पुन्हा ब्लेड फिरवता येतं. तिसरं, लॅनोलिन (लोकरीतलं मेणासारखं स्निग्ध द्रव्य), शिया बटर (शियाच्या बियांची चरबी) अशा गोष्टी असतील तर तोंड धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी होत नाही. हे फरक खरे आहेत, आणि रोज दाढी करणाऱ्याने त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यावेत असं माझं मत आहे. त्याच्या वर मात्र पैसा मुख्यतः वासाला आणि डबीला जातो. वास आवडतो म्हणून पैसे देणं अगदी रास्त आहे, मीही देतो. पण त्या पैशात फेस सुधारेल ही अपेक्षा ठेवू नये. नाजूक कातडीला तर वासच झोंबू शकतो. त्यांनी बिनवासाचा घ्यावा.

ब्रश जुना आणि टक्कल पडलेला असेल तर आधी तो बदला. कृत्रिम केसांचा ब्रश भिजवून ठेवावा लागत नाही आणि लवकर वाळतो. डुकराच्या केसांचा घेतलात तर वापरण्याआधी काही मिनिटं पाण्यात ठेवा. ते केस पाणी पितात. कोरडाच वापरला तर फेसातलं पाणी पितील.

आणि आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते, पाणी. ओला ब्रश दोन-तीनदा झटकून घ्या. टपकता नको, कोरडाही नको. वडीवर तो गोल फिरवा, पूर्ण अर्धं मिनिट, मनात आकडे मोजून. बहुतेक जण इथे पाच-सात सेकंदांत थांबतात आणि मग उरलेला वेळ नसलेल्या साबणातून फेस काढायचा प्रयत्न करतात. ब्रशच्या टोकांवर घट्ट, पांढरी लेपासारखी गोष्ट जमली की साबण पुरेसा झाला. मग वाटीत किंवा थेट गालावर काम सुरू करा आणि पाणी अर्धा-अर्धा चमचा किंवा बोटांनी शिंपडून घाला. प्रत्येक वेळी वीसेक सेकंद ब्रश फिरवून ते आत मुरू द्या.

थांबायचं कधी, हे चमक सांगते. पाणी कमी असलेला फेस खडूसारखा मंद दिसतो. तो गालावर उंच उभा राहतो, दिसायला झकास, पण मिनिटाभरात कडेने सुकून त्याला भेगा पडतात आणि ब्लेड अडखळतं. पाणी पुरेसं झालं की त्याला नुकत्याच दिलेल्या रंगासारखी ओली चकाकी येते. ब्रश उचलला की उभं राहिलेलं टोक किंचित वाकतं. पाणी जास्त झालं तर मोठे बुडबुडे दिसतात आणि ओघळ मानेवर येतो. सगळ्यात भरवशाची परीक्षा बोटांची. चिमूटभर फेस अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाबून चोळा. बोटं एकमेकांवर अडली तर पाणी घाला. आपोआप घसरली तर गालाला लावा. नवशिक्याचा फेस मी जेव्हा जेव्हा पाहिला तेव्हा तो कोरडाच निघाला. दाट म्हणजे चांगला अशी समजूत असते, त्यामुळे हात पाण्याकडे जातच नाही.

एवढं करूनही फेस मरत असेल तर पाणी जड असण्याची शक्यता आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्टिअरिकला पकडून न विरघळणारी पांढरट साय बनवतात, जी बेसिनला कडेने चिकटलेली दिसते. तेवढा साबण फेसातून वजा झाला. तपासायला सोपं आहे: तोच साबण, तोच ब्रश, एक दिवस फिल्टरचं आरओ किंवा डिस्टिल्ड पाणी. फेस एकदम खुलला तर कारण सापडलं. मग फेसापुरतं वाटीभर तसलं पाणी घ्या किंवा साबण वडीवरून दुप्पट वेळ उचला. महागड्या साबणालाही हे पाणी सोडत नाही, म्हणून हे आधी तपासावं.

ट्यूबमधलं क्रीम हे बहुतेकदा याच घडणीचं, फक्त त्यात पाणी आधीच मिसळलेलं. घाईच्या सकाळी ते बरं. डब्यातून फुस्सकन येणाऱ्या फोममध्ये हवा तयारच भरून येते, आणि त्यात पाणी किती हे आपल्या हातात राहत नाही. मी ते प्रवासापुरतं ठेवतो.

अंगाच्या साबणालाही दाढीत एक जागा आहे: आधी तोंड धुवायला. केसांवर कातडीच्या तेलाचा थर असतो, तो गेला की पाणी लवकर शिरतं. धुऊन तोंड पुसू नका, ओल्या गालावरच फेस लावा. दाढी झाली की वडीवरचं पाणी निथळून ती उघडी वाळू द्या, लगेच झाकण लावलं तर ती खालून गिळगिळीत होते. वडी झिजून पातळ चकती उरली की तिची खालची बाजू ओली करून नव्या वडीवर दाबून ठेवा, दोन दिवसांत ती एकजीव होते. अंगाच्या साबणाची उरलेली चिपटी मात्र या वाटीत दाबू नका. फेस पुन्हा मोठ्या बुडबुड्यांकडे झुकायला लागतो.