एकाच मॉडेलच्या दावणीला काऊन बांधून घ्यायचं?

आमच्या यवतमाळकडं एकाच दारात उभं राहायची सवय जुनी आहे, 1972 पासून कितीतरी वर्षं राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती, माल द्यायचा तो सरकारी खरेदीलाच, अन् चुकारा येईल तेव्हा येईल. म्हणून आमच्या कृषी केंद्राच्या व्हॉट्सॲपला एआय, म्हणजे प्रश्नाला उत्तर देणारं एखाद्या कंपनीचं मॉडेल, जोडायचं ठरलं तेव्हा बाबांनी पहिलं हेच विचारलं, "अन् हे बंद पडलं तं?"

वायफळ नव्हतं ते. 30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी आलं तेव्हा बहुतेकांना ते बनवणारी ओपनएआय कंपनी सोडून दुसरं नाव माहीत नव्हतं. मार्च 2023 मध्ये ओपनएआयचं जीपीटी-4 अन् अँथ्रोपिकचं क्लॉड ही मॉडेलं एकाच दिवशी आली, जुलैत मेटानं आपलं लामा 2 धंद्यासाठी मोकळं केलं, डिसेंबरात गूगलचं जेमिनी. मधेच 17 नोव्हेंबरला ओपनएआयच्या बोर्डानं कंपनीचा प्रमुख सॅम ऑल्टमनलाच काढलं, पाचेक दिवसांत परतही घेतलं, पण तेवढ्यात भल्याभल्यांची झोप उडाली. अन् 4 जानेवारी 2024 ला ओपनएआयचं जुनं मॉडेल टेक्स्ट-दाविंची-003 सरळ बंद, ज्यांचं सगळं त्याच्यावरच बसवलेलं होतं ते बसले कोड बदलत.

आपल्या मराठीवाल्यांची गोम वेगळीच, ती टोकनची. मॉडेल मजकूर तुकडे करून वाचतं, त्या तुकड्यांनाच टोकन म्हणतात, अन् बिल तुकड्यांवर लागते, देवनागरीचे तुकडे लय पडायचे. मे 2024 मध्ये जीपीटी-4ओ आलं तेव्हा ओपनएआयनंच दाखवलेल्या नमुन्यात मराठी मजकूर 96 टोकनवरून 33 वर आला. जुन्यावर अडकलेला माणूस तेवढ्याच मजकुराचे जवळपास तिप्पट तुकडे भरत होता.

म्हणून आम्ही मॉडेलचं नाव सेटिंगमध्ये एका ओळीत ठेवलं, बदलायचं तं तेवढीच ओळ बदलायची, अन् काउंटरच्या वहीत शेतकऱ्यांचे 40 प्रश्न, बोलले तसेच. पहिला, "पऱ्हाटी लाल पडून रायली, काय मारू?" पऱ्हाटी म्हणजे इथं शेतात उभी कपाशी, पण एका मॉडेलनं वाळल्या काड्या धरल्या अन् जाळून टाका म्हणालं! दुसऱ्यानं लाल्या, म्हणजे कपाशीची पानं लाल पडायचा रोग, ओळखला, त्याच्या उपायापर्यंत, मॅग्नेशियम सल्फेटपर्यंत, बरोबर आलं. नवं मॉडेल निघालं की आधी ही वही, मग बाकीचं.

सध्या दुकानाच्या वेळा अन् स्टॉक सांगायला स्वस्तातलं मॉडेल, रोगाला महागडं. फवारणीचं प्रमाण मात्र कोणालाच सांगू देत नाही, 2017 ची फवारणीतली विषबाधा इकडं कोणी विसरलं नाही, ते बाबाच डब्यावरचं लेबल वाचून सांगतात.